गातात, पण बोलत नाहीत

इतवारी, नागपूर
२० ऑगस्ट २०२४

ती. सुमतीताई,

नमस्कार. तुमची राखी वेळेवर पोचली. काल ती दवाखान्यात नेली आणि तुमच्या भावाच्या डाव्या मनगटावर बांधली. उजव्या का नाही, असं तुम्ही विचारणारच, म्हणून आधीच सांगते. गेल्या महिन्यात ह्यांना अर्धांगाचा जरासा झटका आला. गौरांगला मी तेव्हाच फोन केला होता आणि म्हटलं होतं, आईला हळूहळू सांग. तुमचा मुलगा गुणी आहे, तो अजून हळूहळूच सांगत असेल.

घाबरू नका. धोका टळलाय. आता त्यांना व्यायामाच्या वॉर्डात हलवलंय. पाय उचलतात, धरून चार पावलं टाकतात. उजवा हात अजून रुसलेला आहे. भूक चांगली आहे, दवाखान्याच्या वरणाला नाक मुरडतात, म्हणजे चव शाबूत आहे.

आता चांगली बातमी. गुरुवारी अख्खं भजनमंडळ वॉर्डात आलं. मारोतराव पेटी घेऊन पुढे आणि मागे टाळवाले. (मारोतराव तुम्हाला आठवतात ना? ह्यांनी मंडळाची गादी सोडल्यावर तेच अध्यक्ष.) नर्सबाई म्हणाल्या, हळू आवाजात करा. भजनी माणसांना हळू म्हणजे काय ते कुठे माहीत? मंडळाचं बैठक उठतानाचं जे भजन आहे ना, तेच घेतलं. दुसऱ्या कडव्याला ह्यांचे ओठ हलायला लागले, आणि तिसऱ्याला चक्क आवाज आला. खणखणीत, सगळे शब्द जागच्या जागी! मी पलंगाची दांडी धरून उभी होते, ती सोडलीच नाही.

समोरच्या पलंगावर कन्हानचा एक माणूस आहे, खाणीत पाय चिरडला होता त्याचा. आला त्या दिवसापासून भिंतीकडे तोंड करून पडलेला. तो उठून बसला आणि मांडीवर ठेका धरायला लागला. त्याची बायको पदरानं डोळे पुसत मला म्हणाली, "इथं आल्यापासून माह्या माणसाचं तोंड आज पायलं वं बाई मी!" डॉक्टरही दारात थांबून ऐकत होते. म्हणाले, गाण्यानं जे होतं ते आमच्या गोळ्यांनी होत नाही.

बाकी ते फारसं बोलत नाहीत. पण आधी तरी कुठे बोलायचे! तुम्ही तब्येतीला जपा. कानातलं यंत्र वापरता का? की डबीतच आहे?

तुमची,
पुष्पलता

*

पुणे
२८ ऑगस्ट २०२४

चि. सौ. पुष्पलता हिला आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि आधी गौरांगला धारेवर धरलं. आमच्याकडे फ्रिजवर एक पांढरी पाटी आहे. "पोळ्या डब्यात", "आज उशीर होईल", "औषध घे" असं त्यावर माझ्यासाठी लिहिलेलं असतं. घरात माझ्याशी कोणाचं जे काही बोलणं होतं ते तेवढंच. त्या पाटीवर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, "माझा भाऊ आजारी होता, तो माझाच भाऊ होता ना?" बिचारा ओशाळला. सूनबाईनं पाटी लगेच पुसली.

यंत्र डबीतच आहे. ते घातलं की माणसांचं बोलणं येत नाही, नुसता मिक्सर येतो.

पण पुष्पे, तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि मला ऐकू आलं गं! श्रीधर गातोय, ते मला ह्या अकराव्या मजल्यावर ऐकू आलं. लहानपणी तो तापानं फणफणला की आई त्याला औषध द्यायची नाही, आधी पेटी द्यायची. माझा भाऊ गायला लागला म्हणजे तो बरा झाला, हे मला डॉक्टरांनी सांगायची गरज नाही.

मी लगेच मारोतरावांना पत्र टाकलं. लिहिलं, तुमच्या भजनानं माझा भाऊ ठणठणीत बरा झाला, याची मंडळानं काही दखल घ्यायला नको का? माणूस गेल्यावर शोकसभा घेता, उठून बसल्यावरही काहीतरी घ्या! तेही हळवे आहेत, नक्की काहीतरी करतील.

आता एक काम. श्रीधरच्या हातच्या दोन ओळी पाठव. उजवा चालत नसेल तर डाव्या हातानं, मुंग्यांसारखं अक्षर आलं तरी चालेल. तेही नको असेल तर तो सांगेल ते तू लिही. तो मला काय म्हणाला, एवढंच हवंय मला.

आशीर्वाद,
सुमतीताई

*

इतवारी, नागपूर
१४ सप्टेंबर २०२४

ती. सुमतीताई,

तो तुम्हाला काय म्हणाला, असं विचारलंत. काही नाही म्हणाले. ताई, ते बोलतच नाहीत. झटका आल्यापासून एक शब्द नाही. पाणी हवं तर तांब्याकडे बोट, बाहेर जायचं तर दाराकडे. सगळं समजतं, डोळ्यांत दिसतं, पण तोंडापर्यंत येता येता हरवतं. मागच्या पत्रात मी हे लिहिलं नाही. तुम्ही लांब, ऐकू येत नाही, उगाच जीव टांगणीला कशाला लावायचा, असं वाटलं. आणि खरं सांगायचं तर लिहिलं की ते खरं होईल, अशी भीती वाटत होती.

गातात मात्र. म्हणजे गात होते. दवाखान्यात चिन्मयी म्हणून एक मुलगी आहे, पेशंटला पुन्हा बोलायला शिकवते. तिनं मला समजावलं, "काकू, बोलण्याचा रस्ता बंद पडलाय, गाण्याचा उघडा आहे. पाठ असलेलं गाणं आपोआप येतं, त्यात त्यांना शब्द शोधावा लागत नाही. म्हणून गायले म्हणजे बोलायला लागले असं नाही." हे मला माहीत होतं. मारोतरावांना माहीत नव्हतं. त्यांच्या हातात तुमचं पत्र होतं.

तुमचं पत्र मला मिळालं त्या दिवशी मी अंघोळीला घरी आले होते. खालून गावाची पीडा घेऊन जाणाऱ्या मारबतीची मिरवणूक चालली होती. अख्खी इतवारी ओरडत होती, घेऊन जा गे मारबत! कोणी महागाई घेऊन जा म्हणत होतं, कोणी डेंग्यू. मी खिडकीत उभी राहून मनात म्हटलं, ह्यांचं मुकेपण घेऊन जा. आणि मग तुमचं पत्र उघडलं. मारोतरावांना फोन लावला, पण त्या ढोलताशांत माझं त्यांना कळेना आणि त्यांचं मला. "समजलं वहिनी, समजलं! सगळी तयारी झाली," एवढंच ऐकू आलं.

गुरुवारी मंडळ आलं ते शाल, श्रीफळ, हार आणि एक फ्लेक्स घेऊन. फ्लेक्सवर ह्यांचा जुना फोटो आणि वर "संगीताचा चमत्कार". पलंगाला सुतळीनं बांधला. शेजारच्या वॉर्डातले लोक सलाईनच्या बाटल्या हातात धरून आले. मारोतरावांनी भाषण केलं, तुमच्या पत्रातली वाक्यं वाचली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी दोनदा पुढे झाले. दोन्ही वेळा कोणीतरी माझ्या हातात पेढ्यांचा डबा दिला. मग शाल पांघरली, नारळ डाव्या हातात ठेवला, आणि आपल्याकडे सत्कारात शेवटी जे म्हणतात तेच मारोतराव म्हणाले, "आता श्रीधरभाऊ दोन शब्द बोलतील."

ताई, ते उठून उभे राहिले. मला धरून उभे राहिले. ह्या माणसानं उभ्या नागपुरात मंडळं बसवली, हजार माणसांसमोर निरूपण केलं. तोंड उघडलं. जीभ नुसती हलत होती. मग, दुसरं काहीच सापडेना म्हणून असेल, त्यांनी भजनाची पहिली ओळ म्हटली. लोकांना वाटलं, वा! भाषणाऐवजी गाणंच! हसले, पुन्हा टाळ्या पडल्या. ते थांबले. माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी कोणाला सांगू शकणार नाही, तुम्हालाही नाही. खाली बसले, शाल काढून ठेवली आणि भिंतीकडे वळले. मारोतराव म्हणाले, "अजून एक होऊन जाऊ द्या भाऊ!" तेव्हा समोरचा तो कन्हानचा माणूस पलंगावरून ओरडला, "राहू द्या ना गा! काहून त्रास देऊन राहिले त्याइले?"

तेव्हापासून गाणंही बंद. गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी घरी आणलं. मंडळाचे लोक जिन्यात दिसले तरी ते डोळे मिटून घेतात.

चिन्मयी म्हणते, रोजची साधी वाक्यं दोन सुरांत म्हणायची, डाव्या हातानं ठेका धरायला लावायचा, त्यातून बोलणं आणायचं. आणि ते घरच्या माणसानं करायचं. घरात माणूस म्हणजे मी. मूल नाही, बाळ नाही. मी तिला म्हटलं, अगं, मी गात नाही. लग्नानंतरच्या पहिल्या गुरुवारी मी भाकरी थापताना भजन गुणगुणत होते, तर बैठकीतून ह्यांनी मंडळासमोर आवाज दिला होता, "तुझा सूर विहिरीत पडून राहिला वं, काढाले माणूस लागंल!" सगळे हसले. मीही हसले. त्यानंतर मी आरतीला सुद्धा नुसते ओठ हलवते.

तुम्हाला दोष देत नाही. पण दिवसभर ह्या दोन खोल्यांत एक शब्द होत नाही, खाली हातगाड्यांची ओरड चालू असते, आणि कधीकधी वाटतं, कोणालातरी दोष देता आला असता तर बरं झालं असतं.

पुष्पलता

*

पुणे
२३ सप्टेंबर २०२४

चि. पुष्पलता,

माझी चूक झाली. हौसेनं केलं, पण चूक ती चूक. मारोतरावांना मी दुसरं पत्र टाकलंय, त्यात तुला काही करायचं नाही.

तो वॉर्डात उभा राहिला आणि शब्द आला नाही, हे वाचून मी दिवसभर जेवले नाही. मला त्यातलं थोडं कळतं गं. गौरांगचे मित्र येतात, मी मध्ये बसलेली असते, सगळे हसतात, मीही हसते. कोणी विचारलं, आजी तुम्हाला काय वाटतं, की मी म्हणते, हो हो. प्रश्न काय होता कोणास ठाऊक. म्हणून हल्ली मी बैठकीत बसत नाही. श्रीधरनं डोळे मिटले ते मला समजतं. त्याला तसंच सोडू नकोस.

तुला गाता येत नाही असं वाटत असेल तर असं कर. मारोतराव आणि मंडळाचं चांगलं गाणं मोबाइलवर भरून घे आणि दिवसभर लावून ठेव. सुरेल ऐकलं की तो उघडेल. त्याचा जीव सुरात आहे, बेसूर त्याला लहानपणापासून सोसत नाही.

माझ्यावर रागावली असलीस तरी पत्र पाठव. ह्या घरात माझ्या नावानं येणारी वस्तू तेवढीच आहे.

सुमतीताई

*

इतवारी, नागपूर
१९ ऑक्टोबर २०२४

ती. सुमतीताई,

रागावले होते. आता नाही. उशीर झाला तो रागानं नाही, कामानं.

तुम्ही सांगितलंत तसं केलं. मारोतरावांनी खाली ओट्यावर बसून, वर न येता, दहा भजनं भरून दिली. फार सुंदर गायले बिचारे, अपराधी माणूस सुरेल गातो असं दिसतं. मी सकाळ-संध्याकाळ लावली. हे ऐकायचे, पण भिंत ऐकते तसं. दसरा आला आणि गेला. सोनं द्यायला लोक आले, ह्यांनी डावा हात पुढे केला, डोळे उघडले नाहीत. मी शेवटी मोबाइल बंद करून ठेवला.

आणि त्याच आठवड्यातली गोष्ट. दुपारी मी तांदूळ निवडत बसले होते, हे खाटेवर. इतके दिवस तीच भजनं कानावर पडून डोक्यात बसलेली, तर मी कधी गुणगुणायला लागले ते माझं मलाच कळलं नाही. गुणगुणता गुणगुणता आवाज मोठा झाला. घर रिकामंच आहे असं समजून गात होते बहुतेक. ताई, दुसऱ्या ओळीला खाटेवरून धप्पकन आवाज आला. पाहते तर ह्यांनी डावा हात खाटेवर आपटलेला, कपाळाला आठ्या, तोंड वाकडंतिकडं झालेलं, आणि त्या तोंडातून आलं, "बेसूर!"

स्पष्ट. पाठ असलेलं नाही, भजनातलं नाही. त्यांचं स्वतःचं, रागानं तापलेलं.

माझ्या मांडीवरचं सूप उलटलं. तांदूळ सगळ्या खोलीत. मी हसत होते की रडत होते ते सांगता येत नाही, पण मी पुन्हा तीच ओळ म्हटली, आणखी वाईट. "चूक!" म्हणाले. पुन्हा म्हटली. "वर! वर!" म्हणजे सूर वर घे. बाई गं! ज्या शब्दानं मला जन्मभर गप्प केलं, त्याच शब्दानं ह्यांना वाचा फुटावी?

चिन्मयीला फोन केला तर ती नाचायचीच बाकी राहिली. म्हणाली, "काकू, आतापर्यंत सगळे त्यांना छान छान गाऊन दाखवत होते. त्यात त्यांना बोलायची गरजच पडली नाही. तुम्ही गरज निर्माण केलीत." म्हणजे माझ्या आवाजाचं शेवटी शास्त्रोक्त कौतुक झालं.

आता रोज दुपारी आमची तालीम असते. मी चुकते, ते ओरडतात. वर, खाली, चूक, पुन्हा, थांब, इतके शब्द झालेत. मी कुठे चुकले की ते जास्त चिडतात तेही मला कळलंय, तिथे मी मुद्दाम घसरते. शेजारच्या भावनाबाई म्हणतात, "काकू, काका बरे होऊन राहिले, तुमाले झाडणं सुरू केलं वाट्टे!" त्यांना काय सांगू.

एक गोष्ट मात्र लपवत नाही. सूर चुकला की शब्द येतो, तहान लागली की अजून बोटच. तालीम संपली की पुन्हा भिंत.

तुमची,
पुष्पलता

*

पुणे
११ नोव्हेंबर २०२४

चि. पुष्पलता,

अगं, मी एकटीच मोठ्यानं हसले. मोठ्यानं हसले हे मला सूनबाईच्या चेहऱ्यावरून कळलं. श्रीधर चिडला म्हणजे श्रीधर घरी आला!

दिवाळीत सगळे गोव्याला गेले होते. मला पाटीवर विचारलं होतं, येतेस का? मी "नाही" लिहिलं. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. भाऊबीजेला गॅलरीत जाऊन चंद्राला ओवाळलं, भाऊ जवळ नसला की ओवाळतात तसं. खाली फटाके फुटत होते, माझ्यासाठी ते नुसते उजेडाचे होते. श्रीधरनं आठवण काढली का माझी? काढली असली तरी तो सांगणार कसा, हे लिहिता लिहिता लक्षात आलं.

आता एक कडू बोलते. तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात तो सुराशी बोलतोय, तुझ्याशी नाही. तू मुद्दाम चुकत राहिलीस तर तो मास्तर होऊन बसेल आणि तू जन्मभर पहिलीतली मुलगी. आमच्या पाटीचंही तसंच आहे. "औषध घे" हेही बोलणंच आहे, पण त्यानं कोणाचं एकटेपण जात नाही. मी तर म्हणते, एकदा सगळं भजन सुरात म्हण. दुरुस्त करायला काही ठेवू नकोस. मग बघ त्याच्याकडे तुझ्यासाठी काय उरतं.

कदाचित काहीच नसेल. तीही शक्यता आहे, तो माझा भाऊ असला तरी मी ती लपवणार नाही.

आशीर्वाद,
सुमतीताई

*

इतवारी, नागपूर
९ डिसेंबर २०२४

ती. सुमतीताई,

तुमचं पत्र वाचून मी ते डब्याखाली सारलं. मनात म्हटलं, ताईंना काय जातंय सांगायला. इथे निदान "चूक" म्हणणारा आवाज तरी आहे. मी सुरात गायले आणि ते गप्प बसले, तर तोही जाईल. मग माझ्याकडे काय राहील? पंधरा-वीस दिवस मी चुकतच राहिले. चुकायचा सुद्धा रियाज होतो, तुम्हाला सांगते.

पण तुमचं ते वाक्य डब्याखालूनही दिसायला लागलं. तुझ्याशी नाही, तुझ्याशी नाही. आणि ते खरं होतं. आधीही खरंच होतं, झटक्याच्या कितीतरी आधीपासून. ह्यांनी बोलायचं ते मंडळाशी, घरी यायचे ते गप्प. मी समजत होते की मोठ्या कलावंत माणसांच्या घरात असंच असतं.

मग मी ठरवलं. वर, खाली, पुन्हा करत करत ह्यांनीच मला ते भजन इतकं शिकवलंय की बरोबर कुठे आहे ते मला आता पक्कं माहीत आहे. काल दुपारी पेटीवर त्यांचा सूर धरला. एका बोटानं धरता येतो मला. आणि सुरुवात केली. पहिलं कडवं झालं. त्यांचा हात खाटेवर तयारच होता, आपटला नाही. दुसऱ्याला ते माझ्याकडे बघायला लागले. जिथे मी रोज घसरते ती जागा आली, मी जपून वर गेले आणि वरच राहिले. आवाज माझा जाडाभरडा आहे, तो काही बदलला नाही, पण सुरात होता. ताई, मी माझाच आवाज पहिल्यांदा इतका वेळ ऐकला. मला तो आवडला हे लिहायला लाज वाटते, पण आवडला.

भजन संपलं. मी थांबले. "चूक" नाही, "पुन्हा" नाही, "वा" सुद्धा नाही. ते नुसते बघत होते. पेटीचा भाता मिटला, तरी काही नाही. मला वाटलं, संपलं. तुम्ही म्हणाला होतात त्यातलं "काहीच नसेल" तेच खरं. इतका राग आला तुमचा, आणि त्याच्यापेक्षा माझा. कशाला सुरात जायची हौस? पेटी झाकली आणि स्वयंपाकघराकडे निघाले. ओट्यावर सकाळची भांडी तशीच पडली होती.

उंबऱ्यात पोचले तर मागून आवाज आला. "थां... थांब."

वळले. त्यांचा चेहरा लाल झालेला. डाव्या हातानं मांडीवर ठेका धरला होता, चिन्मयीनं शिकवला तसा. तोंडात काहीतरी गोळा करत होते. मी मध्ये शब्द दिला नाही. चिन्मयीनं सांगून ठेवलंय, घाई करून शब्द हातात द्यायचा नाही. उभी राहिले. खाली कोणीतरी हमाल वाट मागत ओरडत होता, तो गेला, दुसरा आला. आणि मग आलं. ना धड गाणं, ना धड बोलणं, मधलंच काहीतरी.

"तू... जेवली?"

चार वाजत आले होते. मी जेवले नव्हते. ह्यांना भरवून झालं की एकटीसाठी ताट वाढून घ्यायचा कंटाळा येतो, मग उभ्या उभ्या काहीतरी तोंडात टाकते, कधी तेही राहतं. हे त्यांना दिसत होतं! खाटेवरून रोज दिसत होतं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पंगती वाढल्या, मंडळाच्या चाळीस-चाळीस माणसांचा स्वयंपाक केला, पण हा प्रश्न मला ह्या घरात कोणी विचारला नव्हता.

मला उत्तर देता येईना. मी नुसती मान हलवत उभी. आमच्या घरातला मुका माणूस त्या क्षणी मीच होते. त्यांनी माझी वाट पाहिली. मग हातानं खाटेवर जागा दाखवली आणि म्हणाले, "सांग."

मी बसले. आधी म्हटलं, नाही जेवले. मग म्हटलं, एकटीला जेवण जात नाही. आणि मग थांबताच येईना, ताई. दवाखान्यात पलंगाखाली सतरंजी टाकून झोपायचे ते सांगितलं. त्या फ्लेक्सचं सांगितलं, तो सोडताना मी सुतळी दातांनी तोडली ते. विहिरीत पडलेल्या सुराचं सांगितलं, तेव्हा सगळ्यांबरोबर मी हसले होते पण खाली मागच्या अंगणात जाऊन रडले होते, ते. तुम्ही चंद्राला ओवाळलंत ते सांगितलं, तेव्हा त्यांचे डोळे भरले. बाहेर अंधार पडायला आला तरी मी बोलतच होते, वेडंवाकडं, मागचं पुढे आणि पुढचं मागे.

ते ऐकत होते. एकदाही चूक म्हणाले नाहीत.

तुमची,
पुष्पलता